भटूभाऊ आले की लाल दिवा

भटूभाऊंनी तोंड उघडलं आणि भिंतीवरच्या मीटरचा लाल दिवा लागला.

"ताई, पोर रडनी का आज?"

अहो, केवढ्यानं! काचेच्या पेट्यांतली सगळी बाळं दचकली.

मी सुरतच्या एका हॉस्पिटलात रिसर्च नर्स आहे. मेंदूचं ऑपरेशन झालेली नवजात बाळं शांततेत लवकर सावरतात का, दूध-झोप लवकर धरतात का, हा आमचा स्टडी. त्यासाठी आवाज मोजणारा तो मीटर. आणि त्याला रोज लाल करणारा हा एकच माणूस.

भटूभाऊ सुरतेतच नवागामला राहायचे, कापड विणायच्या लूमवर कामाला. मूळचे धुळ्याकडचे; मी मराठी, म्हणून माझ्याशी हक्कानं अहिराणीत बोलायचे. मुलगी दिवस भरायच्या आधी झाली आणि तिच्या डोक्यात पाणी साठलं. शंट बसवावा लागला, म्हणजे ते पाणी आतल्या आत पोटात उतरवणारी बारीक नळी. ऑपरेशनला सही भटूभाऊंनीच केली होती.

"रडते की!" मी मास्कमधून सांगायची, वर मान डोलवायची. त्यांचा काडीचा विश्वास नाही.

डॉक्टर मॅडम वैतागल्या. "सिस्टर, आ भाई कोण छे? माझा सगळा डेटा बिघडवतोय. बाहेर बसवा त्याला."

"मॅडम, बाप आहे तो."

"मग हळू बोलायला शिकवा."

भटूभाऊंना कॉरिडॉरमध्ये गाठलं, मास्क खाली केला आणि चांगलं झापलं. बिचारे माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मग डोळेच भरले त्यांचे.

"ताई, खरं सांगा. मनी पोर मुकी शे ना? तोंड उघडस, पण आवाज येत नही. बायको म्हणस रडस, तुम्ही म्हणतस रडस. मना समाधानकरता. सही मीच करी ना..."

माझा राग कुठल्या कुठे पळाला. पण मुलीचा आवाज तर मी रोज ऐकत होते! हे काय भलतंच?

दुसऱ्या दिवशी त्यांना कांगारू केअरला बसवलं. बाळाला उघड्या छातीवर घ्यायचं, त्याला ऊब मिळते. शर्ट काढताना भटूभाऊ लाजून चूर. बसले एकदाचे, मान मागे टेकून डोळे मिटले. मी खुर्चीमागे उभी. थोड्या वेळात पोरीनं भोकाड पसरलं. आवाज बारीक, मांजराच्या पिल्लासारखा, पण थांबायचं नाव नाही.

भटूभाऊ डोळे न उघडता म्हणाले, "आज भी गप शे, ताई."

अगं बाई! मी मागूनच हाक मारली, "भटूभाऊ!" हूं नाही की चूं नाही.

लूमच्या खडखडाटात कोणी कोणाचं ऐकत नसतं. तिथं ओठ वाचतात, हातानं खुणा करतात. वर्षानुवर्षं तेच केलं की बारीक, उंच आवाज ऐकू येणं आधी बंद होतं. मग माणूस स्वतः ओरडायला लागतो. आणि आमच्या वॉर्डात सगळ्यांच्या तोंडाला मास्क!

बाहेर नेऊन समोर उभं राहून सांगितलं, "मुकी नाही हो ती. तुम्हालाच ऐकू येत नाही."

ते रडता रडता हसायला लागले. "म्हणजे खोट मनामा शे? पोर चांगली शे? देव पावना, ताई!"

बहिरेपणाची बातमी इतक्या आनंदानं घेणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

दोघांचे कान तपासले. लेक पास, बाप नापास. त्यांना कानाचं मशीन मिळालं.

फॉलोअपला तिघं आले. शंट छान चालला होता. डोक्याचं माप घ्यायला टेप लावली मात्र, पोरीनं हॉस्पिटल डोक्यावर घेतलं. भटूभाऊंनी दचकून मशीनवर हात ठेवला आणि हळूच म्हणाले, "ताई, कितली रडस व माय! इना आवाज कमी करता येस का?"

"आता समजलं?" बायको म्हणाली. "इतके दिवस मी एकटीच ऐकत होते."

आता मोठ्यानं बोलणारा बाप वॉर्डात आला की मी लगेच झापत नाही. आधी त्याच्या मागे जाऊन एक हाक मारते.