पूजा झालेलं स्टूल

अरुंधती लोहोकरेच्या डाव्या पायाबद्दल ज्याला मत नाही असा माणूस १९७८ साली चिंचवडच्या त्या कॉलनीत शोधून सापडला नसता. उजव्या पायाविषयी कुणाची तक्रार नव्हती, तो बिचारा जमिनीवर असायचा. डावा असायचा सहा इंच वर, कशावर तरी टेकवलेला, आणि त्या मांडीवर गिटार.

पिंपरीच्या एका कंपनीत, ड्रॉइंग ऑफिसात ती ट्रेसर होती, यंत्रांच्या नकाशांच्या प्रती काढायची. दर रविवारी सकाळी बसने पुण्याला, कॅम्पात डायस सरांकडे जायची. सिनेमाची गाणी वाजवायला नव्हे. तिची गिटार पाश्चात्त्य शास्त्रीय, समोर स्वरलिपीचा कागद ठेवून बोटाबोटाने बसवायची. लग्नाआधी पाच वर्षं, लग्नानंतर चार. गिटार सरांचीच. चांगलं वाद्य एवढं एकच होतं त्यांच्याकडे, आणि जो वाजवेल त्याच्याकडे ते राहील असा त्यांचा नियम होता.

त्या श्रावणापासून तिची कंबर धरायला लागली. दहाव्या मिनिटाला कळ, पंधराव्याला उठायचं. डॉक्टर म्हणाले, "एक पाय वर करून रोज तासभर बसता, कमरेला पीळ पडणार नाही तर काय होईल?"

हे तिने सरांना सांगितलं.

"डावा पाय वर, अरुंधती. दोनशे वर्षं लोक असेच बसतात."

"त्या लोकांच्या कमरा कुणी तपासल्या होत्या का, सर?"

सरांनी चष्मा काढून पुसला. "दसऱ्यानंतरच्या रविवारी विद्यार्थ्यांचा कार्यक्रम आहे. तुझं बारा मिनिटांचं आहे. मध्ये न उठता वाजव. नाही जमलं तर गिटार फिलोमिनाला देतो. ती दोन वर्षं थांबली आहे."

एवढंच होतं सगळं. बारा मिनिटं बसायचं.

घरातल्या सहा इंची लाकडी स्टुलाऐवजी तिने आधी पाट वापरून पाहिला. "सणाला आपण त्यावर जेवायला बसतो गं," सासूबाई म्हणाल्या. सावित्रीबाई लोहोकरे आवाज कधी चढवत नसत. त्यामुळे त्यांच्याशी भांडताही येत नसे. मग पत्र्याचा डबा आला. तो सरकायचा, आणि सरकला की आतले शेंगदाणे वाजायचे. मग विटा आल्या. समोरच्या पद्मावहिनी खिडकीतून म्हणाल्या, "चूल मांडताय का?"

नवरा सुरेंद्र कंपनीत प्रॉडक्शनला होता, म्हणजे उपाय सुचायला त्याला प्रश्न नीट ऐकावा लागत नसे. एका शनिवारी ती भाजी घेऊन आली तेव्हा तो हॉलमध्ये भुसा झाडत होता.

"पाय वर न्यायचा तर खुर्ची खाली आणायची. सोपं आहे." जेवणाच्या चार खुर्च्यांपैकी एकीचे पाय त्याने चार इंच कापले होते.

"अहो, मला विचारायचं तरी."

"तू नाही म्हणाली असतीस."

त्या खुर्चीवर बसून पाय स्टुलावर ठेवला की गुडघा हनुवटीशी यायचा. कंबर आठव्या मिनिटालाच गेली. शिवाय जेवायला त्या खुर्चीवर जो बसेल तो लहान मुलासारखा दिसायचा, आणि तिथे रोज अरुंधतीच बसायची, कारण बाकीच्यांना ती गैरसोयीची होती.

शेवटी तिने स्वतःच नव्या स्टुलाचं रीतसर ड्रॉइंग काढलं. समोरून, बाजूने, वरून. उंची कमी-जास्त होणारी, वरची फळी पुढे उतरती. पाय चारच इंच उचलायचा आणि कलता ठेवायचा, म्हणजे पीळ कमी पडेल, असा तिचा हिशेब. कागद घेऊन ती टूलरूममध्ये गेली. तिथले फिटर कोंडाजी, कुरुळी गावचे, घरची शेती सांभाळून नोकरी करणारे. हात असा, की त्यांनी घासलेल्या तुकड्याला दुसऱ्यांदा कुणी माप लावत नसे.

"पाय ठेवायला एवढं?" कोंडाजींनी कागद उलटसुलट पाहिला. "बाई, मिलीमीटरच्या खाली गेलाय तुमी. पाय हाय का मापाचा गेज?"

"कोंडाजीभाऊ, मला रविवारच्या आधी हवंय."

"भंगारातलं अॅल्युमिनियम घेतो, सायेबाला इचारून. खंडेनवमीला देतो."

दिलंही. खंडेनवमीच्या संध्याकाळी ते स्वतः घरी आले. हातात स्टूल. हलकं, गुळगुळीत, कोपरे गोल केलेले, अगदी कागदावर होतं तसं. आणि त्यावर हळदीकुंकवाची पाच बोटं, अक्षता, मधोमध झेंडूचं फूल.

"लेथ, ड्रिल, समद्यांची पूजा झाली. म्हनलं, नवी वस्तू हाय, पूजा करूनच न्यावी. पहिला नारळ ह्याच्यापुढंच फोडला."

अरुंधतीने ते खाली ठेवलं, खुर्ची ओढली, गिटार घेतली आणि पाय उचलला.

"अरुंधती." सासूबाईंचा तोच खालचा आवाज. "खंडेनवमीची पूजा झाली आहे त्याची."

पाय अधांतरी राहिला. तिने कोंडाजींकडे पाहिलं. कोंडाजी फुलाकडे बघत होते.

"व्हय की," ते हळूच म्हणाले. "हे ध्यानातच आलं न्हाई."

"आई, तुम्ही शिवणयंत्राची पूजा करता ना? पायडल कशाने मारता?"

"पायडलला कुंकू नाही लावत मी. वर चाकाला लावते."

"आणि यांच्या स्कूटरची? किक हाताने मारतात?"

"हँडलला हार घालतो," सुरेंद्र म्हणाला. कुणीही विचारलं नव्हतं.

"मी पुसून घेते. साबणाने धुते."

"कुंकू धुता येतं. नारळ फोडलाय, तो कसा धुणार?" सासूबाईंनी स्टूल उचललं, पदराने पुसलं आणि देवघराशेजारी ठेवलं. "मी वाजवू नको म्हणत नाही हं. पाय लावू नको, एवढंच. हातात घे, मांडीवर घे, कुठेही घे."

कोंडाजी चहा न घेताच गेले.

दसऱ्याच्या दुपारी घर जेवून आडवं झालं होतं. श्रीखंडाची भांडी घासून झाल्यावर अरुंधतीने देवघराजवळचं ते स्टूल उचललं. चार दिवस उरले होते. रागात माणूस करतो तसंच केलं तिने. कापलेल्या खुर्चीवर बसली, "घ्या, मांडीवर," असं भिंतीला म्हणाली, स्टूल डाव्या मांडीवर ठेवलं आणि वर गिटार टेकवली.

गिटारचं डोकं तिच्या डोळ्यांच्या रेषेत आलं. हवं तिथे. तिने खाली पाहिलं. दोन्ही पाय फरशीवर होते. ती ठेंगणी; इतर कुठल्याही खुर्चीवरून तिचे पाय असे सपाट टेकले नसते, उजवाही नुसत्या चवड्यावर असायचा. ती वाजवू लागली. दहावं मिनिट गेलं. स्टुलाच्या कडा मांडीत रुतत होत्या, पातळाला छिद्र पडलं, पण कंबर गप्प होती.

गुरुवारी ती स्टूल पिशवीत घालून टूलरूममध्ये गेली. "कोंडाजीभाऊ, याचे पाय कापा."

"पूजा झालेल्याचं?"

"पायाला नाही लावत. मांडीवर घेते. आईंनीच सांगितलंय."

त्यांनी तिला बसवून नीट पाहिलं. "जू नीट बसलं न्हाई की बैलाचा खांदा सुजतो. तसंच हाय हे. खाली वाक द्यावा लागंल, मांडीवानी, आन् गादी." शुक्रवारी दिलं. पाय गेलेले, फळी मांडीच्या घेरात वळवलेली, वर गिटारच्या कडेला बसेल अशी खाच. खाली जाड स्पंज.

"स्पंज कुठून आणलात?"

"सुरेंद्रसायबांनी दिला. स्कूटरच्या मागच्या सीटचा."

म्हणजे रविवारी कॅम्पापर्यंत ती नुसत्या पत्र्यावर बसून गेली. एका हातात गिटार, पाठीला दोरीने बांधलेली ती कापलेली खुर्ची, कारण कार्यक्रमाच्या हॉलमधल्या खुर्च्यांवरून तिचे पाय टेकणार नव्हते. सुरेंद्रने वाटेतला एकही खड्डा चुकवला नाही; निगडी उलट दिशेला होती म्हणून तिथलेच तेवढे राहिले. त्याला पुण्याकडचे खड्डे पुरले. वाटेत दोनदा मागे वळून म्हणाला, "बघ, कापली ते बरं झालं की नाही?"

"समोर बघा."

स्टेजवर तिने दोन्ही पाय टेकले तसे सर पहिल्या रांगेतून अर्धे उठले. "फूटस्टूल?"

"मांडीवर आहे, सर."

बारा मिनिटं. मधल्या अवघड जागी एक बोट चुकलं, ते तिचं तिला कळलं, आणि सरांना. ती उठली नाही. संपल्यावर सर स्टेजवर आले, ती वस्तू उचलून खालून-वरून पाहिली, स्पंज दाबला.

"कुणी डिझाइन केलं?"

अरुंधतीने तोंड उघडलं. ड्रॉइंग तिचं होतं. पण तेवढ्यात बसने आलेल्या सासूबाई स्टेजपाशी येऊन पोचल्या होत्या.

"मीच म्हटलं तिला, मांडीवर घे," त्या सरांना म्हणाल्या.

"आणि खुर्ची माझी," सुरेंद्र म्हणाला.

सरांनी मान डोलवली. गिटार पेटीत ठेवली, कड्या लावल्या आणि पेटी अरुंधतीच्या हातात दिली. "पुढच्या रविवारी ते बोट नीट करून ये."

खुर्ची पुन्हा तिच्याच पाठीला बांधली गेली.