मोडन घर

आमच्या घराला नाव पडलं ते पाया खणायच्या दिवशीच, आणि पाडलं बोरी अरब गावच्या मिस्त्र्यानं. माझे सासरे, म्हणजे मामाजी, त्याच्यापुढे नकाशा पसरून सांगत होते, "मॉडर्न घर बांधायचं हाय." आमच्या वऱ्हाडात 'मोडन' म्हणजे मोडेल. मिस्त्री नकाशाकडे बघत राहिला आणि अगदी काळजीनं म्हणाला, "मालक, मोडन हे आताच ठाव हाय, त बांधून कायले राह्यले?"

मी चहा घेऊन उभी होते. अर्धा चहा बशीत गेला. मामाजींनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी तडक आत पळाले आणि तिथे पोटभर हसले. दिवस मावळायच्या आत यवतमाळच्या सगळ्या सिव्हिल लाइनीत 'मोडन घर' झालं होतं.

महाराष्ट्र होऊन एक-दोन वर्षं झाली असतील. माझं लग्न नवीन. नवरा दारव्ह्याला नोकरीला, शनिवारी यायचा. सासूबाई आधीच गेलेल्या. म्हणजे घरात मामाजी आणि मी, आणि दोघंही तोंडाळ.

सिव्हिल लाइन म्हणजे इंग्रजांच्या राणीच्या काळातले बंगले. उतरती कवेलूची, म्हणजे कौलांची, छपरं, छपराच्या कडेला लाकडाची नक्षीदार झालर, भोवती व्हरांडा. आणि दिवाणखान्यात शेकोटी! वैशाखात जिथे पाण्याचा माठसुद्धा घाम गाळतो, त्या गावात शेकोटी आणि वर धुराडं. शेजारच्या रिटायर डिप्टी कलेक्टरच्या, म्हणजे डिप्टीसाहेबांच्या, धुराड्यात पोपटांची तिसरी पिढी नांदत होती. पण साहेबांना त्याचा कोण अभिमान! आणि अशा बंगल्यांच्या रांगेत मामाजींनी मधला रिकामा प्लॉट घेऊन सपाट छताचं, चौकोनी, पांढरंशुभ्र घर उभं केलं. झालर नाही, कमान नाही, कवेलू तर नाहीच.

ते का नाही, हे सांगायला हवं. मामाजी बांधकाम खात्यात ओव्हरसियर होते. तीस वर्षं दर उन्हाळ्यात साहेबलोकांच्या बंगल्यांवरची कवेलू फेरून घेणं, फुटलेली काढून नवी बसवून घेणं, हेच त्यांचं काम. वानरांची टोळी यायची, दोन उड्यांत शंभर कवेलूंचा चुरा करायची. मग पावसात छप्पर गळलं की साहेब ओरडायचा तो वानरांवर नाही, मामाजींवर. "माह्या स्वतःच्या डोक्यावर एक बी कवेलू नको," असं त्यांनी नोकरीतच ठरवलं होतं. ते छत म्हणजे त्यांच्या तीस वर्षांचं उत्तर होतं.

आता खरं सांगायचं तर ते घर उन्हाळ्यात तव्यासारखं तापायचं. दुपारी मी ओला टॉवेल डोक्यावर घेऊन भाकरी थापायची. मामाजींना घामाच्या धारा लागायच्या, तरी म्हणायचे, "हवा काय मस्त खेळून राह्यली!" मी म्हणायची, "हो मामाजी, खेळून राह्यली, पण शेजारी." आणि त्या लाडक्या गच्चीवर काही म्हणजे काही ठेवायला बंदी. "गच्ची म्हणजे साफ पाह्यजे. तिथं वाळवण दिसलं, त याद राखा, सूनबाई."

डिप्टीसाहेबांनी नगरपालिकेत अर्ज दिला, की या घरानं लाइनीची शोभा घालवली, तरी छपरावर इतरांसारखी उतरती कवेलू घालायचा हुकूम व्हावा. नगरपालिकेचं पत्र आलं, बुधवारी पाहणीला येतो म्हणून. पत्र मीच वाचून दाखवलं. एरवी एकाला दोन सुनावणाऱ्या मामाजींनी पत्राची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. नंतर हळूच म्हणाले, "इथं बी कवेलूच घालाव लागन काय वं?" मला फार वाईट वाटलं. इतके दिवस मी त्या छताची टिंगल केली होती, पण कवेलू घालणार म्हटल्यावर माझंच डोकं तापलं.

दुसऱ्या दिवशी मी डिप्टीसाहेबांच्या बायकोकडे विरजण मागायला गेले. काकू कुरड्यांची चिंता करत होत्या. अंगणात कडुनिंबाची सावली, शेजाऱ्याच्या कोंबड्या, धूळ. वर छपरावर घालाव्या तर घसरगुंडी. दर वर्षी अर्ध्या कुरड्या वाया. मी अगदी भोळेपणानं म्हटलं, "काकू, बुधवारी मामाजी दिवसभर बाहेर जाणार हायेत. आमची गच्ची मोकळीच असते. सकाळपासून सांजेलोक ऊन. फक्त कोणाले सांगू नका."

कोणाला सांगू नका म्हटलं, की सगळ्या लाइनीला कळतं. तेवढं मला ठाऊक होतं.

बुधवारी मामाजी गेले नगरपालिकेतल्या माणसांना आणायला. तेवढ्यात सात घरच्या बायका मागच्या जिन्यानं पातेली, साचे, चादरी घेऊन चढल्या. नऊ वाजेपर्यंत गच्चीवर पाय ठेवायला जागा उरली नाही. कुरड्या, पापड, सरगुंडे, मुगवड्या.

दहाला नगरपालिकेचे दोघे, डिप्टीसाहेब आणि मामाजी वर आले. मामाजींचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल. मी जिन्यात पदर तोंडात कोंबून उभी. नगरपालिकेतल्या मोठ्या माणसानं एक पाय उचलला, तो कुठे टेकवावा ते कळेना.

"हे सारं कोणाचं?"

साहेब पुढे झाले. ते एका निळ्या फुलांच्या चादरीकडे बघत होते. आदल्या रात्री ते त्याच चादरीवर झोपले असणार. मागून काकू आल्या, हात पिठाचे, आणि म्हणाल्या, "माह्या कुरड्या हायेत. अन् कवेलू घालाचेच असतीन, त त्यावर वाळवाची सोय बी लिहून द्या."

नगरपालिकेतल्या माणसाला हसू आवरेना. साहेबांनी खाकरून घसा साफ केला. "उन्हाळा संपेपर्यंत हे छत राहू द्या," ते म्हणाले, आणि पाय जपून टाकत उतरले. पुढे दर वर्षी उन्हाळा आला आणि दर वर्षी तो संपेपर्यंत ते छत राहिलं.

सगळे गेल्यावर आता माझी पाळी, हे मी ओळखलं. मामाजी तसेच उभे होते. तेवढ्यात कडुनिंबावरून एक वानर धपकन कठड्यावर उतरलं आणि त्यानं काकूंच्या कुरड्यांवर डोळा ठेवला. मामाजींनी पायातला जोडा काढला. "हाड!" असे ओरडले, की खाली रस्त्यात बसलेली गाय उठून उभी राहिली.

मग त्यांनी छत्री मागवली, खुर्ची मागवली आणि भर उन्हात गच्चीच्या कोपऱ्यात जाऊन बसले. दुपार झाली, दीड वाजला. मी जेवायला बोलवायला वर गेले. म्हटलं, "मामाजी, रागावले काय? चला खाली, भाकरी निवून राह्यली."

"तुमी जेवा. मी उठलो त वानरं येतीन." ते चादरीवरून नजर न काढता म्हणाले. "तीस वर्षं सायबाच्या छपरावरची वानरं हाकलली, सूनबाई. हे माहं छप्पर हाय."