कापसाच्या खोलीतली धामण

मंडळी, आज माझी चांगलीच जिरली.

सकाळी वडीगोद्रीला काकांकडं गेल्तो. कापूस भरलेल्या खोलीत साप निघाल्ता. काका काठी घेऊन ओरडले, "नाग हाय, जल्दी सरका!"

माझ्या पिशवीत सापांची ओळख सांगणारं नवंकोरं पुस्तक होतं. मोबाईलच्या कॅमेऱ्यात साप मोठा करून पाह्यला आणि चित्राशी ताडला. मोठे डोळे, ओठांवर काळ्या उभ्या रेघा. लई शहाण्यासारखं म्हणलं, "काका, ही बिनविषारी धामण हाय. उंदरांसाठी आली."

काकांनी चित्र बघितलं आणि काठी खाली ठेवली. धामण मागच्या दारानं शेतात गेली.

मंग चहा देताना काकू म्हणल्या, "दोन सालापासून बघून राह्यले तिला. ती आल्यापासून उंदरांनी एक पोतं कुरतडलं न्हाई. मी ह्यांना सांगितलं तं म्हणले, तुला काय कळतं?"

चहा संपवून काका काकूंना म्हणले, "आता तुलाच इचारत जाईन."

पुस्तक काकूंकडंच ठेवून आलो. चष्मा लावून त्या त्यातल्या चुका शोधून राह्यल्या.

तुमच्या घरात असं कोण हाय, ज्याला सगळं म्हाईत हाय, पण कुणी कधी इचारलंच न्हाई?