नातीच्या नावाचा नीरफणस

इसिल्डाची नाळ कुठे पुरली, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मिस फीमीने तिला लहानपणी किंग्स्टनहून आणलं ते भांडी घासायला, आणि पन्नाशी आली तरी ती घासतच होती. मिस फीमी माझी शेजारीण. मधे फक्त कुंपण. चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसायची आणि घरी आल्यावर इसिल्डाला जिभेने सोलून काढायची.

परसातला एक कोपरा इसिल्डाकडे होता. तिथे केळी, भोपळा, तूर लावायला ना नव्हती. झाड मात्र लावायचं नाही. आमच्या डोंगरात जमिनीवर ज्याचं झाड उभं राहिलं, त्याला तिथून कुणी हुसकावू शकत नाही. म्हातारी गेली की लंडनची लेक बेव्हर्ली घर विकणार, हे सगळ्या गावाला माहीत होतं. मग इसिल्डाने जायचं कुठे? म्हणून ती दरवर्षी एक झाड मागायची, आणि म्हातारी दरवर्षी म्हणायची, "भोपळा लाव की. गोड असतो."

एका ऑक्टोबरच्या पावसात म्हातारी अचानक म्हणाली, "लाव तुला हवं ते झाड."

इसिल्डा हरखली. कुंपणाशी येऊन तिने माझं डोकं खाल्लं.

"आंबा लावू का हो, मिस आयोनी?"

"आंबा काय, ज्याच्या त्याच्या दारात आहे."

"मग चिकू?"

"चिकू लागेपर्यंत तुझे दात पडतील."

"मग नीरफणसच. भाजून खाल्ला की पोट भरतं, कुणापुढे हात पसरायला नको."

माझ्या नीरफणसाच्या मुळाशी फुटलेलं एक जाड, सरळ रोप तिने निवडलं. गुडघाभर खड्डा खणला, लेंडीखत घातलं, राख घातली. ती गुणगुणत होती.

रोप खड्ड्यात ठेवणार, एवढ्यात मिस फीमी काठी टेकत आली. तिने खिशातून कागदाची पुडी काढली. बेव्हर्लीला मुलगी झाली होती आणि बाळाच्या नाळेचा वाळलेला तुकडा पोस्टाने आला होता. म्हातारीने तो खड्ड्यात टाकला. ज्याची नाळ त्याचं झाड, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं.

"हं, ठेव आता रोप. पारख चांगली आहे तुझी, म्हणून तर तुला निवडायला लावलं."

"आणि मी, मिस फीमी?"

"तू पाणी घाल. सावलीत बस, कोण नको म्हणतंय?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "लाज नाही वाटत?" मी कुंपणावरून ओरडले.

"तू तुझ्या शेळ्या सांभाळ!"

इसिल्डाने माती ओढली, पायाने दाबली.

फेब्रुवारीत आभाळ कोरडं पडलं आणि इसिल्डाने त्या झाडाला पाणी घालणं बंद केलं. पानं लोंबली. झाड वाळलं तर मूलही वाळतं, असं आम्ही मानतो; मिस फीमी जरा जास्तच मानायची. त्यात लंडनहून फोन आला, बाळाला ताप आहे. म्हातारी विनवण्या करायला लागली.

"तुमच्या नातीचं झाड," इसिल्डा म्हणाली. "मी परकी. माझा हात लागून काही झालं तर?"

मग म्हातारीच बादली घेऊन नळावर जायला लागली. इसिल्डा पायरीवर बसून तुरीच्या शेंगा सोलायची. "मिस फीमी, निम्मं सांडलं की हो!" मला हसू यायचं, खोटं कशाला बोलू.

एका सकाळी माझ्या कुंपणालगतच्या उतारावर म्हातारीचा पाय घसरला. खुब्याचं हाड मोडलं. इसिल्डा आली आणि नुसती उभी राहिली.

"उचल गं मला!"

"कोपरा कुणाचा, मिस फीमी?"

"आधी उचल! मरतेय मी!"

"कोपरा कुणाचा?"

"तुझा! देवाशपथ तुझा!"

इसिल्डाने माझ्याकडे पाहिलं. "मिस आयोनी, ऐकलंत?"

मला स्वच्छ ऐकू आलं होतं. आमच्याकडे शेजाऱ्याची साक्ष चालते, तेवढं पुरे होतं.

"वारा आहे गं," मी म्हणाले. "पुन्हा बोलायला सांग."

म्हातारी रडत रडत पुन्हा बोलली.

"आणखी एकदा," मी म्हणाले. "इसिल्डाचं नाव घेऊन."