सुर्ल्याच्या घरातला समुद्र

काजूचा हंगाम भरात होता. पार्सेला आमच्या घरामागच्या डोंगरावरून बोंडूंचा आंबूस-गोड वास उतरत होता आणि मी अंगणात बिया वाळत घालत होते, तेव्हा दादाचा फोन आला. दादा फोनवर कधी आधी बोलत नाही; समोरच्याने काही म्हटलं की नुसता हुंकार देतो. त्या सकाळी मात्र मी तोंड उघडण्याआधीच तो म्हणाला, "शालू, तुजी वैनी गेली गो." मग फोनमधून फक्त पाण्याची संथ खळखळ ऐकू येत राहिली. तो घरात कुठे उभा आहे, ते मला त्या आवाजावरून कळलं.

सुनंदावहिनी, माझ्या थोरल्या भावाची बायको. सकाळी चहाचं आधण ठेवून ती स्वयंपाकघराच्या दारात जरा टेकली, ती तिथेच. हृदय थांबलं, असं डॉक्टर म्हणाले. आजार नाही, अंथरूण नाही. आता महिना उलटून गेला, तरी मी तिला आठवते तेव्हा ती दारात टेकलेली दिसत नाही. निळ्या उजेडात, बाही कोपरावर सारून, हात पाण्यात घालून उभी असलेली दिसते.

वहिनी इब्रामपूरची. तिथे डोंगर, पोफळीची कुळागरं, नदी. समुद्र मात्र दूर. लग्नाआधी आपण समुद्र दोनदा काय तो पाहिला, असं ती सांगायची. लग्न होऊन आली ती सुर्ल्याला, जिथे खाणीच्या ट्रकांची धूळ तुळशीच्या पानांवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर, अगदी मिठाच्या बरणीच्या झाकणावरही तांबडी बसायची. दादा खनिज वाहणाऱ्या बार्जीवर इंजिन ड्रायव्हर होता. नदीतून बंदरापर्यंत जायचा, परत यायचा. खाणी बंद पडल्या, बार्ज काठाला बांधली गेली आणि दादाही तसाच घरासमोरच्या सोप्यावर बांधल्यासारखा बसून राहिला. खाणी आज सुरू होतील, उद्या सुरू होतील... त्यांचा एकुलता एक मुलगा केतन तेव्हा मांद्र्याच्या एका हॉटेलात इलेक्ट्रिशियन होता. मासे पाळायची ती खाऱ्या पाण्याची काचेची टाकी त्याने आणली. आतल्या खोलीत जनेलाच्या, म्हणजे खिडकीच्या बाजूला, भिंतभर लांब. केरीच्या किनाऱ्यावरून कॅन भरभरून पाणी आणलं, दगड रचले, वर निळे-पांढरे दिवे लावले. दादा म्हणाला, "मासळी बाजारात मेळना काय?" केतन हसला आणि वायर जोडत राहिला.

त्या टाकीत मासे थोडेच होते. खरी वस्ती होती ती मऊ प्रवाळांची. मधोमध केतनचा लाडका, मोठा, अळंब्यासारख्या पिवळसर टोपीचा. आणि एका कोपऱ्यात झेनियाचा एवढासा देठ. ज्यांनी झेनिया पाहिला नाही त्यांना कसं सांगावं? राखाडी-गुलाबी देठावर पिसासारख्या बोटांचे पंजे असतात आणि ते पंजे सारखे उघडतात आणि मिटतात, उघडतात आणि मिटतात, जणू झोपेत कुणी मूठ वळतंय. वहिनीने पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हातातली चहाची कपबशी तिने तशीच धरून ठेवली. "हे झाड कोणाक बोलायता?" तिने विचारलं. केतन म्हणाला, "आई, ते झाड न्हय, जनावर." त्यावर ती म्हणाली, "जनावर आसूं दे. रुजता न्हय झाडासारकें?"

खाणी सुरू होण्याची चिन्हं दिसू लागली तशी दादाने केतनसाठी खनिज वाहायला टिप्पर ट्रक घ्यायचं ठरवलं. केतनने तोवर पर्यटकांच्या जहाजावर नोकरी धरली होती. बापलेकांत त्या दिवशी जे बोलणं झालं ते मी इथे लिहीत नाही. केतन गेला आणि दादाने त्याच्याशी बोलणं टाकलं. टाकीही विकून टाकू म्हणाला. वहिनी त्याला एवढंच म्हणाली, "तो येवपर आसूं दे. हांव बघतां." दादाने त्या खोलीत पाऊल टाकणं सोडलं आणि वहिनी ती टाकी शिकायला बसली. पाण्याचा खारटपणा पाहायची दुर्बिणीसारखी नळी डोळ्याला लावून ती जनेलाकडे तोंड करून उभी राहायची. पावसाळ्यात किनाऱ्याचं पाणी गढूळ, म्हणून गाळलेल्या पाण्यात पाकिटातलं मीठ कालवायची. टाकीवर मलमलीचा पडदा शिवला, तांबडी धूळ पडू नये म्हणून. दूर कुठल्या तरी बंदरातून केतन व्हिडिओ कॉल करायचा तेव्हा ती आधी फोन टाकीसमोर धरायची आणि मग स्वतःसमोर.

दुपारी जेवणं उरकल्यावर मी कधी गेले तर आम्ही दोघी त्या खोलीत जमिनीवर उशा टाकून पडायचो. बाहेर रस्त्यावर ऊन पांढरं झालेलं असायचं आणि आत छतावर पाण्याच्या जाळ्या हलत असायच्या. झेनियाच्या मुठी उघडायच्या, मिटायच्या. बोलता बोलता आम्ही कधी डोळे मिटायचो ते कळायचं नाही. अर्धवट झोपेत वाटायचं, घर नदीतून खाली खाली चाललंय... आणि जाग यावी तर वहिनी कुशीवर वळून टाकीकडे पाहत असायची. एकदा म्हणाली, "शालू, समुद्राच्या तळाक असोच आवाज आसतलो काय गो?" मी म्हटलं, मला काय ठाऊक. ती म्हणाली, "केतनाक विचारूंक जाय."

पण झेनिया हे नुसतं बघत राहण्याचं काम नव्हतं. तो एका दगडावरून दुसऱ्यावर गेला, दुसऱ्यावरून काचेवर, आणि वर्ष सरता सरता केतनच्या त्या मोठ्या अळंब्याच्या बुडाशी येऊन दाटला. अळंब्याने टोपी मिटून घेतली. दिवसेंदिवस उघडेना. केतन फोनवर म्हणाला, कापून काढ. वहिनीला ते जमेना. "हात पसरून उबें रावलां, ताचेर कात्री कशी चलोवं?" ती मला म्हणाली. शेवटी एके दिवशी तिने मन घट्ट करून खरवडलं, तर जिथे जिथे बारीक कण राहिले तिथून पुन्हा पंजे फुटले, आधीपेक्षा जास्त. कापलेल्या प्रवाळांचं विष पाण्यात उतरून मासेही मलूल झाले. केतनच्या सांगण्यावरून तिने फिल्टरमध्ये कोळशाची पिशवी घातली, थोडं थोडं करून पाणी बदललं, आणि मग बसून विचार केला.

तिने जो मार्ग काढला तो सोपा होता, पण त्याला धीर लागत होता. झेनियाच्या कडेला ती एक मोकळा दगड टेकवून ठेवायची. काही आठवड्यांनी झेनिया आपणहून त्या दगडावर पाऊल टाकायचा, बूड धरायचा. तो दगड मग ती अलगद उचलून बाजूला करायची, आणि मूळ झेनियापासून ताणलेला देठ तेवढा धारदार कात्रीने कापायची. मूळ वसाहत तिने दगडासकट वाळूत एकटी ठेवली, चहूबाजूंनी मोकळी वाळू सोडून, म्हणजे झेनियाला चालत जायला जागाच नाही. आणि भरलेले दगड ती वाटून टाकायची. म्हापशाचे, डिचोलीचे, सावंतवाडीकडचेसुद्धा टाकीवाले तिच्याकडे यायचे. ती स्टीलच्या डब्यात टाकीचंच पाणी घालून दगड द्यायची आणि उंबऱ्यात बजावायची, "एकटो दवर हां. हाका शेजारी सोसना." सोप्यावर बसलेला दादा येणाऱ्या-जाणाऱ्याला मान हलवायचा. कुणी विचारलं तर म्हणायचा, "तो भितरलो धंदो तिचो."

मग ते वादळ आलं. मे महिना, आंबे उतरवायचे बाकी, आणि एका दिवसात सगळीकडे माड आडवे झाले, विजेचे खांब मोडले, टाकीचा पंप बंद पडला. मी सुर्ल्यालाच होते, परत पार्सेला जायला रस्ता नव्हता. पहिला दिवस वहिनीने मगाने पाणी उचलून उंचावरून टाकीत ओतत काढला, पाण्यात हवा मिसळावी म्हणून. मी थोडी मदत केली. दुसऱ्या दिवशी दुपारी झेनियाच्या मुठी थांबल्या. मिटल्या आणि उघडल्याच नाहीत. देठ वितळल्यासारखे ओघळू लागले आणि खोलीत कुजका वास भरला. वहिनी हातातला मग बाजूला ठेवून टाकीसमोर खाली बसली. रडली नाही.

दादा दारात आला. किती वर्षांनी त्या खोलीच्या दारात. त्याने वास घेतला, टाकीकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. "हांगा पाणी फिरोवपाक कितें लागता?" त्याने विचारलं. तिने थांबलेल्या पंपाकडे बोट केलं. तो परसात गेला. बार्जीच्या तळात साचलेलं पाणी उपसायचा एक लहान पंप त्याने जपून ठेवला होता. तो त्याने सोडा घालून गरम पाण्यात पुन्हा पुन्हा धुतला, जुन्या पिकअपची बॅटरी काढली, आणि त्या बॅटरीवर तो पंप टाकीत फिरू लागला. पाणी हललं. मग दादाने वहिनीचा फोन उचलला. घरात रेंज नव्हती. तो पडलेल्या फांद्या ओलांडत देवळाच्या टेकडीवर चढून गेला.

तिथे काय बोलणं झालं ते केतनने मला नंतर सांगितलं. आईचा नंबर पाहून त्याने उचलला तर पलीकडून बापाचा आवाज. मध्ये गेलेल्या वर्षांबद्दल एक शब्द नाही. "तुजी टाकी मरता. कितें करूं, सांग." केतन म्हणाला, "बाबा, झेनिया सगळो काडून उडयात. एकूय कण दवरूं नाकात. ना जाल्यार हेरांक मारतलो."

दादाने खाली येऊन ते तसंच सांगितलं: सगळा झेनिया काढायचा, एक कणही ठेवायचा नाही, नाहीतर तो बाकीच्यांना मारेल. मला वाटलं, वहिनीच्याने हे व्हायचं नाही. पण ती उठली. बाही वर सारली. दोघांनी मिळून, ती आत हात घालून आणि तो बाल्दी धरून, सगळा झेनिया काढला. संध्याकाळी तिने ती बाल्दी परसातल्या माडाच्या मुळात रिकामी केली. माडाला खारं चालतं. वर माती ओढली आणि क्षणभर तिथेच ओणवी राहिली. दादा तिच्या मागे उभा होता, हातात रिकामी बाल्दी घेऊन.

वीज आली. अळंबा वाचला, मासेही बरेचसे वाचले. झेनिया पुन्हा कुणी आणला नाही. डिचोलीच्या एकाने वहिनीनेच दिलेला तुकडा परत देऊ केला होता; ती हसून नको म्हणाली. त्यानंतर दर रविवारी दादा फोन घेऊन टाकीसमोर बसू लागला आणि केतनशी पाण्याबद्दल बोलू लागला. आधी नुसतं पाण्याबद्दलच. मग जहाजाच्या इंजिनाबद्दल. केतन सुट्टीवर आला तेव्हा बापाने त्याला स्वतः पंप उघडून दाखवला, आणि वहिनी आम्हा सगळ्यांना उंडे-पाव आणि भाज्यांचं खतखतें वाढत मधूनच त्या दोघांच्या पाठींकडे पाहत होती.

झेनियाच्या मोकळ्या जागेत मग दुसऱ्या एका प्रवाळाने पाय पसरले. जांभळ्या साईसारखा पसरणारा, वर हिरवंगार गवत उगवल्यासारखा. काच, दगड, पाइप, काही म्हणून सोडत नाही. पण तो कापावा लागत नाही, कडेने सोलून काढता येतो. ते काम वहिनी दर आठवड्याला करायची, भांडी घासण्याइतक्या सहजतेने.

ती गेल्यावर दादाने टाकीचं सगळं केलं. पाणी बदललं, खारटपणा पाहिला, मासे जपले. फक्त त्या हिरव्याला हात लावला नाही. तो वाढत अळंब्याच्या बुडापर्यंत आला. केतन दिवसकार्य आटोपून परत गेला होता. फोनवर सांगायचा, बाबा, सोलून काढा. दादा 'हय हय' म्हणायचा. मी म्हटलं तेव्हा मला म्हणाला, "तिच्या हातचें उरलां तें इतलेंच गो."

गेल्या रविवारी मी सुर्ल्याला गेले तेव्हा दादा टाकीसमोर उभा होता. बाही सारलेली. मला पाहून म्हणाला, "ती खंयच्यान सुरू करताली?" मी म्हटलं, जनेलाच्या बाजूने, बहुतेक. त्याने हात आत घातला, कडेला नख लावलं आणि हळूहळू ओढत गेला. हिरवं मिटून जांभळं झालं, आणि ती पट्टी एखाद्या ओल्या कापडासारखी अखंड सुटून आली. अळंब्याच्या बुडाचा दगड उघडा झाला. पट्टी त्याने पाणी घातलेल्या वाडग्यात ठेवली. "कोणाक तरी दिवया," म्हणाला.

मग तो हात पुसायला वळला. टाकीच्या बाजूला खुंटीवर तिच्या जुन्या साडीचा तुकडा होता, ती हात पुसायची तो. कडक वाळलेला, कडेला मिठाची पांढरी रेघ आलेली. महिनाभर दादा हात लुंगीलाच पुसत असावा. त्याने हात पुढे केला, थांबला, माझ्याकडे पाहिलं... मग तो तुकडा खुंटीवरून काढला, कोपरापासून बोटांपर्यंत दोन्ही हात नीट पुसले, आणि ओलाच पुन्हा खुंटीला अडकवला.