आरसे फिरवणारा

नेरच्या बसस्टँडमागचा तो मिस्त्री मोटारसायकल हातात घेतली की आधी तिचे आरसे उलटे फिरवतो. कापसाचे भाव पडून गॅरेज ओस पडलं तेव्हा तो सरकी काढायच्या जिनिंग गिरणीत राबला आणि तिथल्या धुळीनं त्याला दमा जडला. स्टेरॉइडच्या गोळ्यांनी श्वास मोकळा झाला, पण चेहरा गोल फुगत गेला.

मी जीवशास्त्र शिकवतो, म्हणून गोळी आत जाऊन नेमकं काय करते, ते त्यानं मला विचारलं. मी सांगितलं, "स्टेरॉइड पेशीत शिरतं. आत रिसेप्टर त्याची वाटच पाहत असतो. दोघं मिळून केंद्रकात जातात आणि कोणती जनुकं चालवायची, कोणती थांबवायची ते ठरवतात."

तेव्हापासून गोळी गिळण्याआधी तो शटर वाजवावं तसं छातीवर टकटक करतो.

काल त्यानं माझ्या गाडीचा आरसा मुद्दाम स्वतःकडे वळवला.

"सर, आतला तो गोळीचा हुकूम बराबर मानून राह्यला," तो हळूच म्हणाला. "पन माह्या जागी हा कोन बसवला त्यानं?"