हात टिकतो का

माझ्या कॉम्प्युटरला आधी हार मिळाला आणि मग वीज. झेंडूचा हार, दोन अगरबत्त्या आणि कॅबिनेटच्या काचेवर हळदकुंकवाचं स्वस्तिक. आई नारळ कॅबिनेटवरच फोडायला निघाली होती, तो मी उंबऱ्यावर फोडायला लावला. विजेच्या वस्तूजवळ पाणी नको, एवढं तरी मला शिक्षणाने दिलं आहे.

हिंगणघाटातल्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात पदवी घेणारी मी पहिली. बाबा एका जिनिंगमध्ये फिटर आहेत. कापसातून सरकी वेगळी करणारी यंत्रं, त्यांचे पट्टे, मोटारी, बेअरिंग सगळं त्यांच्या हाताखाली. शाळा आठवीपर्यंत. आई ब्लाऊज शिवते. दोघांनी मला शिकवलं आणि त्याबद्दल मी त्यांच्या पायावर डोकं ठेवायला कधीही तयार आहे. पण त्या पदवीवर त्यांचा जो विश्वास आहे ना, तो मला अजून झेपत नाही.

पदवीचं प्रमाणपत्र मिळालं त्याच्या दुसऱ्या दिवशी बाबांनी ते लॅमिनेट करून आणलं. मग फ्रेम केली. फ्रेमवाल्याने काचेला गुंडाळलेलं प्लास्टिक तसंच ठेवून त्यांनी ती भिंतीवर लावली. म्हणजे माझी पदवी तीन थरांच्या आत आहे आणि ट्यूबलाइट लागली की त्या जागी फक्त एक पांढरा चमकारा दिसतो. आमच्याकडे नव्या वस्तूवरचं प्लास्टिक कुणी काढत नाही. टीव्हीचा रिमोट पिशवीत आहे. घड्याळाच्या काचेवरची फिल्म घड्याळ बंद पडलं तरी शाबूत होती. फ्रिजच्या दारावरची फिल्म पाच वर्षांनी कोपऱ्यातून सुटायला लागली, तेव्हा आईने ती सेलोटेपने परत चिकटवली.

कॉम्प्युटर घ्यायचं कारण असं, की नागपूरच्या एका ऑफिसने मला चाचणीचं काम दिलं होतं. बंगल्याचा नकाशा त्यांचा; त्यावरून घर उभं करून, आतून-बाहेरून फिरून दाखवणारी दोन मिनिटांची चित्रफीत मी बनवायची. मुदत शनिवार, संध्याकाळी पाच. पसंत पडली तर घरी बसून कायमचं काम. नाही पडली तर पुण्याची नोकरी होती, तिचं पत्र माझ्या बॅगेत तयार होतं. तिथे दिवसभर कानाला हेडफोन लावून लोकांच्या तक्रारी ऐकायच्या. पुण्याची मला भीती नव्हती. पण घरं उभी करणं ही मला चांगली जमणारी एकच गोष्ट आहे. कॉलेजच्या लॅबमधल्या सरांनी वर्षभर रोज कॉलेज सुटल्यावरही एक मशीन माझ्यासाठी चालू ठेवलं, त्यावर मी ते शिकले. आता मे महिना होता आणि लॅबला कुलूप.

सुटे भाग नागपूरच्या दुकानातून एसटीच्या पार्सलने आले. दुकानदार जोडून द्यायलाही तयार होता, पण त्याला आठवडा लागणार होता. बाबा म्हणाले, "ग्रॅज्युएट हायेस. चार इस्क्रू कसता नाई येत काय तुले?"

मी मान डोलावली. खरं सांगायचं तर तीन वर्षं कॉम्प्युटर शिकून मी कॉम्प्युटरचं आतलं कधी पाहिलं नव्हतं. लॅबमधली मशीनं कुलपाच्या लोखंडी पिंजऱ्यात असायची. प्रोसेसर मला माहीत होता तो फळ्यावरचा, चौकोनी, खडूचा.

बुधवारी जोडणी केली. व्हिडिओ पाहत, थांबवत, पुन्हा पाहत. कॅबिनेटच्या काचेवर दोन्ही बाजूंनी फिल्म होती. मी कोपरा उचलला तशी आई शिवणयंत्रावरून ओरडली, "राहू दे वो बाई, चरे पडतीन." मी कोपरा परत दाबला. संध्याकाळी पूजा झाली आणि मी बटण दाबलं.

काहीच झालं नाही.

"मागचं बटन पाह्यलं काय?" बाबांनी खाटेवरून विचारलं.

"बाबा, हे तुमच्या मोटारीसारखं नसतं. यात खूप गोष्टी असू शकतात."

त्या खूप गोष्टी मी दीड तास तपासल्या. रॅम काढून घातली, सगळ्या वायरी उपटून बसवल्या. मग वीज पुरवणाऱ्या डब्याच्या पाठीमागे एक छोटं बटण दिसलं. बंद. मी ते इतकं हळू दाबलं की आवाज येऊ नये. आला. बाबांनी फक्त कूस बदलली.

गुरुवारी सकाळपासून मशीन मधूनच बंद होऊन आपोआप सुरू व्हायला लागलं. मी दुकानदाराला फोन लावला.

"मॅडम, कूलर चालू आहे का?" त्याने विचारलं.

"हो, फुल स्पीडवर. पाणीही सकाळीच भरलं."

पलीकडे दुकानातलं गाणं बंद झालं.

"मॅडम, पाणी कशात भरलं?"

आमच्याकडे मे महिन्यात कूलर म्हणजे खिडकीतला लोखंडी डबा, त्याला तिन्ही बाजूंनी गवताच्या ताट्या आणि खाली पाणी. तो माणूस विचारत होता प्रोसेसरवर बसवायच्या छोट्या पंख्याबद्दल. त्यालाही कूलरच म्हणतात. गैरसमज मिटल्यावर तो हसला, पण घाबरलाही होता असं मला वाटतं, कारण नंतर प्रत्येक वाक्यानंतर तो "कोरडं आहे ना?" असं विचारत राहिला.

पण उत्तर त्या मोठ्या कूलरमध्येच निघालं. दुपारी बाबा जेवायला आले आणि दोन मिनिटं दारात उभे राहिले. वीज वाचवायला आई खिडकीतला कूलर मधूनमधून बंद करायची; तिने तो परत लावला, बल्ब लुकलुकला आणि माझं मशीन बंद पडून परत सुरू झालं.

"दोघंही एकाच बोर्डावर जेवून राह्यले," बाबा म्हणाले. "तो मोठा पह्यला घास घेते आन हे उपाशी राह्यते."

आठवडी बाजारातला एक एक्स्टेंशन बोर्ड, त्यावर कूलर, कॉम्प्युटर आणि आईची इस्त्री. बाबांनी कॉम्प्युटरसाठी मीटरपासून वेगळी लाइन ओढली. कॅबिनेटला हात लावला की बोटांना मुंग्या येतात हेही मी सांगितलं, तर त्यांनी मागच्या अंगणात अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ टाकून दोन बादल्या पाणी ओतलं. उन्हाने जमीन सुकली की अर्थिंगही सुकतं.

"मशीनजवळ पाणी नाई पाह्यजे म्हणे," आई म्हणाली, "आन आता जमिनीले पाजून राह्यले."

मुंग्या थांबल्या. शुक्रवारी सकाळी बंगला तयार होता, फक्त त्याची चित्रफीत मशीनने काढायची होती. ते काम त्याचं एकट्याचं, साधारण चार तासांचं. मी सुरू केलं आणि चहा घ्यायला गेले. सहा मिनिटांनी मशीन बंद.

पुन्हा सुरू केलं. पुन्हा सहा मिनिटं. या वेळी कोपऱ्यात प्रोसेसरचं तापमान लावून ठेवलं होतं. साठ, सत्तर, नव्वद, सत्त्याण्णव, काळोख. बाहेर शेहेचाळीस होतं, तेव्हा त्याचं मला फारसं नवल वाटलं नाही.

पहिला संशय देवावर गेला. झेंडूचा हार नेमका समोरच्या जाळीवर होता, जिथून मशीन हवा घेतं. हार काढला. एक पाकळी पंख्यात अडकून टकटक करत होती, तीही काढली. आई म्हणाली, "दोन दिस तरी राहू द्या लागते." मी हार देवाजवळ ठेवला. सहा मिनिटं.

मग बाजूची काच काढून खिडकीतल्या कूलरचा झोत मशीनकडे वळवला. आत दमट, गवताच्या वासाची हवा. दुकानदाराला सांगितलं तर त्याने तीनदा "बंद करा" म्हटलं. वर म्हणाला, "पेस्ट कमी पडली असेल. प्रोसेसर आणि कूलरच्या मध्ये लावतात ती. काढून परत लावा." मी छोट्या कूलरचे चार स्क्रू काढले, पेस्ट पुसली. कूलरचा तळ आरशासारखा चकचकीत होता, त्यात मला माझं घामाघूम तोंड दिसलं. व्हिडिओत वाटाण्याएवढी सांगितली होती, मी बोराएवढी लावली. कमी पडायला नको. सात मिनिटं.

तो एक मिनिटाचा फायदा पाहून मला रडू आलं. हे लिहायला बरं वाटत नाही, पण आलं. आईने शिवणयंत्र थांबवलं. मी पुण्याचं पत्र बॅगेतून काढून टेबलावर ठेवलं. त्यावर लिहिलं होतं की एक जूनला हजर व्हावं.

शनिवारी बाबांनी अर्धी सुट्टी टाकली. दहा वाजता आले ते हातपाय धुऊन मशीनसमोर पाटावर बसले.

"चालू कर," म्हणाले.

"सहा मिनिटांनी बंद पडते, बाबा."

"सहा मिन्टं लय झाले."

जिनिंगमध्ये आग ही खरी भीती. एक बेअरिंग तापलं तर कापसाचा अख्खा ढीग जाऊ शकतो. म्हणून बाबा दिवसभर मोटारींना हाताची मागची बाजू लावत फिरतात आणि मनात दहा मोजतात. दहापर्यंत हात टिकला तर ठीक. घरीही त्यांची तीच सवय. माझा ताप ते असाच पाहायचे आणि आई थर्मामीटर शोधेपर्यंत निकाल देऊन मोकळे व्हायचे.

मी काम सुरू केलं. पडद्यावर सत्तर झालं, ऐंशी झालं.

"आग कुठी हाये?"

मी प्रोसेसर दाखवला, म्हणजे तो जिथे झाकलेला होता ती जागा. "इथे. आणि ती उष्णता या कूलरच्या पत्र्यांमध्ये चढते. पंखा ती बाहेर फेकतो."

बाबांनी पत्र्यांना हाताची मागची बाजू लावली. एक, दोन, तीन. त्यांचे ओठ हलत होते. दहा झाले, वीस झाले.

"किती सांगून राह्यलं?"

"पंच्याण्णव."

"मंग हे ठंडं काऊन हाये?"

मी हात लावला. पत्रे गार होते. खाली प्रोसेसर उकळत होता आणि त्याच्या डोक्यावर दीड इंचावर पाणपोईच्या माठासारखा गारवा.

मशीन बंद पडलं. बाबा म्हणाले, "खालची आग वर येऊन नाई राह्यली. मधात कोणतरी बसलं हाये. खोल."

मी पुन्हा चार स्क्रू काढले. बाबांनी कूलर उलटा करून पेस्ट आपल्या रुमालाने पुसली. तळ चकचकीत. त्यांनी तो खिडकीजवळ नेला, तिरपा धरला आणि काळ्या नखाने कोपरा खरवडला. कोपरा उचलला गेला. मग त्यांनी तळावरून एक अख्खी पारदर्शक फिल्म सोलून काढली, हळूच, फोडावरची पट्टी काढावी तशी.

मी ती आधी पाहिली होती. हे कबूल करायलाच हवं. बुधवारी कूलर खोक्यातून काढला तेव्हा त्याच्या तळावर फिल्म आहे हे मला दिसलं होतं. कोपरा बोटाला लागलाही होता. आणि मी तो दाबून बसवला होता. नवीन आहे, चरे पडतील. शुक्रवारपर्यंत मी ते विसरूनही गेले होते.

बाबांनी फिल्म उजेडात धरली. "काई लिवलं हाये याच्यावर. वाच बरं."

"बसवण्याआधी ही फिल्म काढावी," मी वाचलं.

"इंग्रजीत हाये काय?"

"हो."

"मंग बरोबर. आपल्याले कसं समजन."

आई शिवणयंत्रावर डोकं टेकवून हसत होती, आवाज न करता, खांदे हलवत. मी म्हणाले, "या घरात प्लास्टिक काढलेलं मी कधी पाहिलं आहे का?" त्यावर दोघंही एकमेकांकडे पाहायला लागले.

पेस्ट लावली, या वेळी आईच्या मापाने, तुरीच्या दाण्याएवढी. स्क्रू बाबांनी कसले, समोरासमोरचे दोन, मग दुसरे दोन, थोडे थोडे, मोटारीचं झाकण बसवावं तसे. अकरा वाजून दहा मिनिटांनी काम सुरू झालं. साठ, अडुसष्ट, चौऱ्याहत्तर. तिथेच थांबलं. सहा मिनिटं झाली, सात झाली. कुणी उठलं नाही.

बाबांनी पत्र्यांना हात लावला आणि चारपर्यंत मोजून झटक्यात मागे घेतला.

"हात टिकत नाई," ते म्हणाले. आयुष्यभर ज्या वाक्यावर हा माणूस मोटारी बंद करत आला, ते तो इतक्या आनंदाने म्हणेल असं मला वाटलं नव्हतं. त्यांनी आईलाही बोलावून हात लावायला सांगितला. आईने लावला आणि म्हणाली, "पापड भाजता येतीन."

चार तास बाबा पाटावरून हलले नाहीत. दर अर्ध्या तासाने हात लावायचे आणि समाधानाने फुंकर मारायचे. लाइट गेली नाही, हे आमच्या भागातलं मे महिन्यातलं नवलच म्हणायचं. सव्वातीनला चित्रफीत पूर्ण झाली, चारला पाठवली. मंगळवारी ऑफिसमधून फोन आला. काम मिळालं. चित्रफितीतल्या घराचं अंगण त्यांना आवडलं होतं. त्यातला पाण्याचा माठ थोडा वाकडा आहे असंही म्हणाले, तो मी सरळ केला.

पुण्याला पत्राने नकार कळवला. लॅबच्या सरांना फोन केला. फिल्मचं सांगितल्यावर ते एवढे हसले की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. मग ते म्हणाले की त्यांच्याही लॅबमधलं एक मशीन दोन वर्षं असंच तापतं आहे, लॅब उघडली की पाहतो.

ती फिल्म आईने फेकू दिली नाही. धुऊन, पुसून शिवणयंत्राच्या खणात ठेवली आहे, कशाला ते तिलाही माहीत नाही. कॅबिनेटच्या काचेवरची फिल्मही तशीच आहे, स्वस्तिकासकट, कारण काचेचं तापण्याशी काही नातं नाही हे मी एकदा बोलून बसले.

पण त्या शनिवारी संध्याकाळी बाबा खुर्चीवर चढले आणि त्यांनी माझ्या पदवीची फ्रेम भिंतीवरून उतरवली. काचेवरचं प्लास्टिक नखाने सोलून काढलं, काच बाहीने पुसली आणि फ्रेम परत खिळ्याला लावली.

"हे कशाला, बाबा?" मी विचारलं.

"थे बी आतल्या आत तापत असन," ते म्हणाले आणि चहा मागितला.